टोकेकरांच्या ड्रॅगन फ्रूटवरच्या मुंग्या

...नाही, पण रागवायचं कुणावर, एवढं तरी कुणी सांगा ना. कारण तुम्हाला सांगतो, माणूस तीन वर्षं एका गोष्टीमागे धावतो, ती गोष्ट एका सकाळी पाण्यात जाते, मग तो कमरेवर हात ठेवून शेताच्या मधोमध उभा राहतो, चारी बाजूंना बघतो, की हां भिया, आता सांगा, धरू कुणाला... आणि धरायला कुणी सापडतच नाही. पावसाने दगा दिला असं नाही, व्यापारी पळाला असं नाही. जो एक सापडतो तो समोर चहाची किटली घेऊन उभा, आणि चेहऱ्यावर असा आनंद की जसं घरचं कार्य पार पडलंय. आमच्या गोपीनाथराव टोकेकरांचं हेच झालं. इंदोरच्या तुकोगंजमध्ये आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर, त्यामुळे सांगतो ते थोडं त्यांच्या तोंडून ऐकलेलं आणि बाकीचं भिंतीतून ऐकलेलं, आणि भिंतीतलं जास्त खरं.

तर गोपीनाथराव एकतीस वर्षं औषधाच्या कंपनीत होते. औषध म्हणजे खोकल्याचं नाही, पिकावर मारायचं. आपल्याकडे माळव्यात माणसाला देतात तीही दवाई आणि किड्याला देतात तीही दवाई, त्यामुळे सुरुवातीला शोभनाताईंच्या माहेरचे लोक वर्षभर त्यांना डोकेदुखीची गोळी विचारत होते. महू म्हणू नका, देपालपूर म्हणू नका, सांवेर म्हणू नका, एक गाव सोडलं नाही त्यांनी. लिंबाखाली सतरंजी, समोर चाळीस-पन्नास शेतकरी, हातात निळी बाटली, आणि आवाज असा की मागे झोपलेला माणूस उठून पंप शोधायला लागायचा. "भाइयों, कीड़ा दिखने का इंतजार मत करो. कीड़ा दिखा मतलब देर हो गई. आठवें दिन पंप उठाओ." एकतीस वर्षं हेच वाक्य. झोपेतसुद्धा बोलायचे, शोभनाताई सांगतात.

मग रिटायर झाले. ऑफिसवाल्यांनी हार घातला, शाल दिली, फळांची मोठी टोपली दिली. घरी येऊन गोपीनाथरावांनी टोपलीतलं एक सफरचंद काढलं, नळाखाली धरलं, मग मिठाच्या पाण्यात ठेवलं, मग परत धुतलं, पुसलं, आणि एवढं करून वर साल काढायला बसले. शोभनाताई शाळेत भूगोल शिकवत होत्या, त्यांना कुणी काही करत असताना शांत बघण्याची सवय. त्या बघत राहिल्या, आणि साल अर्ध्यावर आल्यावर एवढंच म्हणाल्या, "अहो, लोकांना तर एकतीस वर्षं सांगत होतात, काही होत नाही म्हणून."

बस. ते सफरचंद तसंच राहिलं, काळं पडलं, कचऱ्याच्या गाडीत गेलं. पण ते वाक्य कुठे जाणार? तीन आठवडे गोपीनाथरावांच्या डोक्यात फिरलं. आणि चौथ्या आठवड्यात पोहे खाता खाता म्हणाले, "मी एक फळ लावणार. माणसाने झाडावरून तोडावं, तिथेच उभं राहून खावं, धुवायची गरज नाही. आणि त्याचं मला सर्टिफिकेट पाहिजे. पक्कं जैविक. ड्रॅगन फ्रूट."

"त्याचं साल तर फेकायचंच असतं," शोभनाताई म्हणाल्या. "मग धुवायचा प्रश्न येतो कुठे?"

आता बायको बरोबर बोलली म्हणून रागवायचं? कुणावर रागवायचं?

पण ड्रॅगन फ्रूटचं कारण होतं त्यांच्याकडे. निवडुंगाची जात. पाणी कमी, कीड कमी, आणि पंचवीस वर्षं उभी राहणारी बाग. "निवडुंगाला कोण खाणार?" हे ते सगळ्या गल्लीला विचारत फिरले, आणि गल्लीत कुणालाच उत्तर माहीत नव्हतं, कारण गल्लीतल्या कुणी मुंगीला विचारलं नव्हतं. महूच्या पुढे त्यांनी एक एकर जमीन घेतली होती पूर्वीच, घर बांधू म्हणून. तिथे चारशे सिमेंटचे खांब उभे केले, प्रत्येकाच्या डोक्यावर सिमेंटचं चाक, प्रत्येकाच्या पायाशी चार कलमं. लांबून बघितलं तर वाटायचं, कुठल्यातरी पुलाचं काम अर्ध्यावर सोडून ठेकेदार गेलाय.

आणि पहिल्याच दिवशी बांधावरून एक माणूस आला. साठीचा, डोक्याला पांढरा फेटा, हात जोडून ओळख विचारतोय. "साब, म्हने पेचाण्यो के नी? तमारी मीटिंग में सबसे आगे बेठतो थो." हे भेरूलालजी. बाजूचं शेत त्यांचं, सोयाबीन आणि लसूण. वीस वर्षांपूर्वी गोपीनाथरावांनी त्यांना पंपाचा नोझल कसा धरायचा ते स्वतः हात धरून शिकवलं होतं, आणि त्या वर्षी गावात इल्लीने, म्हणजे अळीने, सगळ्यांचं सोयाबीन खाल्लं तेव्हा एकट्या भेरूलालजींचं वाचलं. तेव्हापासून त्या माणसाच्या घरात देवाच्या खालोखाल टोकेकर साहेब. त्यांचं जुनं व्हिजिटिंग कार्ड आरशाच्या फ्रेमीत खोचलेलं होतं, खोटं नाही सांगत.

आता अशा माणसाला समजवायचं की साहेब या वेळेला दवाई मारणार नाहीत. गोपीनाथरावांनी समजवलं. जमीन समजवली, पाणी समजवलं, तीन वर्षांचा नियम समजवला, की तीन वर्षं या मातीला एक थेंब रसायन लागता कामा नये, दरवर्षी एजन्सीची माणसं येऊन बघणार, आणि मग कागद मिळणार. एक तास बोलले. भेरूलालजी मान हलवत राहिले. शेवटी विचारलं, "मानता ली हे कई साब?"

मानता म्हणजे नवस. एखाद्याने मुलासाठी पायात चप्पल घालणं सोडावं, तसं साहेबांनी दवाई सोडली असं त्यांच्या डोक्यात आलं. आणि गोपीनाथराव, तुम्हाला सांगतो, मे महिन्याचं ऊन, घसा कोरडा, ते म्हणाले, "हां, वही समझ लो."

वही समझ लो. माणूस थकला की असं काहीतरी बोलून जातो, आणि समोरचा ते मनापासून समजून घेतो.

भेरूलालजींनी तर इतकं मनापासून घेतलं की स्वतःच्या सोयाबीनच्या बांधाकडच्या सहा रांगा फवारायच्या सोडल्या, साहेबांकडे वाऱ्याने उडून जायला नको म्हणून. त्या सहा रांगा दरवर्षी इल्ली खायची. "मानता को मान राखनो पड़े," म्हणायचे. गोपीनाथराव तुकोगंजहून एक दिवसाआड जायचे, मधल्या दिवशी ठिबकचा कॉक कोण उघडणार? भेरूलालजी. रोजडे, म्हणजे त्या नीलगायी, रानातून आल्या की पत्र्याचा डबा कोण वाजवणार? भेरूलालजी. साहेब आले की चहा कोण आणणार? आता सांगा ना, कुठल्या माणसाला आजच्या काळात असा शेजारी मिळतो?

आणि ती तीन वर्षं कशी गेली म्हणता... पहिल्या वर्षी मे महिन्यात कलमं उन्हाने पिवळी पडली, निवडुंग असून. राजस्थानातला नाही ना तो, कुठल्यातरी सावलीतल्या जंगलातला, हे पुस्तकात पान बावन्नवर होतं आणि गोपीनाथरावांनी एक्कावन्नवर वाचणं थांबवलं होतं. मग हिरवी जाळी बांधली. दुसऱ्या वर्षी पाऊस असा आला की आपली काळी माती पाणी सोडेना, खोडं खालून सडली, शंभर खांब रिकामे. मग मुरूम टाका, वाफे उंच करा, परत लावा. कुणावर रागवायचं, मातीवर? ती काळी आहे म्हणूनच तर माळव्याची आहे.

आणि घरी काय चाललं होतं? गल्लीत गाडी यायच्या आधी गोपीनाथराव सगळ्यांचा ओला कचरा मागत फिरायचे, खतासाठी. आमच्या इंदोरात कचरा द्यायला लोक एवढे तत्पर, की वहिनी लोक सालं वेगळी, चहाचा चोथा वेगळा असं बांधून द्यायला लागल्या. ते सगळं गाडीच्या डिकीत. शिवाय जीवामृताचा ड्रम, शेण, गोमूत्र, गूळ, बेसन. गूळ-बेसन ऐकून तुम्हाला वाटेल काहीतरी गोड आहे. शोभनाताई तीन वर्षं त्या गाडीत बसल्या नाहीत. महूला भाचीच्या साखरपुड्याला सिटी बसने गेल्या, पैठणी नेसून.

पण तिसऱ्या वर्षी फुलं आली. आणि ते फूल तुम्ही पाहिलंय का? अंधारात उमलतं, पांढरं, एवढं मोठं, आणि ऊन पडलं की मिटून गेलं, संपला विषय. मधमाशी उठून कामाला लागेपर्यंत याचं दुकान बंद. म्हणून माणसाने स्वतः जाऊन ब्रशने पराग या फुलातला त्या फुलात लावायचा, उजाडायच्या आत. गोपीनाथरावांनी सांगितलं, मी एकटा दोनशे फुलं कशी करू? तर शोभनाताई पहाटे चारला नाकाला पदर लावून गाडीत बसल्या. हातात त्यांचा स्वतःचा पावडरचा ब्रश. डोळ्यात मोतीबिंदू, नीट दिसत नव्हतं, तरी एकेका फुलाला हाताने चाचपून, एखाद्या मुलीला तीट लावावी तसं करत त्या चारशे खांबांतून फिरल्या. शेवटच्या फुलाशी उजाडलं. तेव्हा गोपीनाथरावांना जे वाटलं ते त्यांनी मला सांगितलं नाही. फक्त म्हणाले, "यार, ती आली ना त्या दिवशी." एवढंच.

फळं धरली. हिरवी, मग गुलाबी व्हायला लागली. आणि मुंग्या आल्या.

मुंग्या म्हणजे कशा? खांबावर काळी दोरी टांगल्यासारख्या. कळीत शिरायच्या, फळाच्या खवल्यांत शिरायच्या, आणि त्यांनी पाळलेला तो पांढरा पिठासारखा किडा, तो रस शोषायला बसायचा. राख टाकली, मुंग्या राखेवरून गेल्या. निंबोळीचा अर्क मारला, दोन दिवस लपल्या, तिसऱ्या दिवशी नातेवाईक घेऊन आल्या. गोपीनाथराव खांबाखाली उभं राहून बघायचे आणि त्यांच्या उजव्या हाताची बोटं आपोआप वळायची, नोझल धरल्यासारखी. कुठली बाटली, किती झाकणं, किती पाणी, सगळं तोंडपाठ. नाही मारली. तीन वर्षं नाही मारली. ऑगस्टच्या वीस तारखेला शेवटचं इन्स्पेक्शन, त्यानंतर कागद. दहा दिवस काढायचे होते फक्त.

आणि त्या दहा दिवसांत शोभनाताईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख आली. तुकोगंजच्याच क्लिनिकमध्ये. आता फुलांसाठी जी बाई तसल्या डोळ्यांनी पहाटे चारला उठून आली, तिला काय सांगायचं, की माझ्या मुंग्या आहेत, तू थांब? गोपीनाथरावांनी भेरूलालजींना फोन केला. "पाँच-छह दिन नहीं आ पाऊंगा. जरा ध्यान रखना. चींटियाँ बहुत हैं, मेरा तो जी जल रहा है."

"चिंता मत करो साब," तिकडून आवाज आला. "हूं हूं ने."

मी आहे ना. तुम्हाला सांगतो, माणसाला आयुष्यात हेच शब्द ऐकायचे असतात.

वीस तारीख. गोपीनाथराव इस्त्रीचा शर्ट घालून, शोभनाताई काळा चष्मा लावून, दोघं सकाळी नऊला शेतावर. एजन्सीची मुलगी आली स्कूटीवरून, मधुरिमा नावाची. मूळची अकोल्याची, आता विजय नगरला राहणारी, हातात टॅब, पायात गमबूट, बोलणं एकदम साफ. "सर, लास्ट व्हिजिट आहे, टेन्शन घेऊ नका, तुमचं रेकॉर्ड तर खूपच नीट आहे."

आणि बघतात तर काय, मुंग्या नाहीत.

एक नाही हो. खांब स्वच्छ. फळं अशी लालगुलाबी की पूजेला ठेवावीत. गोपीनाथराव या खांबावरून त्या खांबावर, त्यावरून पुढच्या, आणि मग जे बोलायला लागले, ती लिंबाखालची सतरंजी आठवावी. "मॅडम, हे बघा, हे लिहून घ्या. निसर्गाला वेळ द्यावा लागतो. तीन वर्षं मी धीर धरला आणि शत्रुकीड आपोआप कमी झाली. हा तोल असतो मॅडम, मातीचा तोल. एकतीस वर्षं आम्ही लोकांना उलटं शिकवलं..." डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मधुरिमा टॅबवर भराभर लिहीत होती. शोभनाताई मागून चष्मा सावरत येत होत्या. आणि चौदाव्या की पंधराव्या खांबापाशी वारा फिरला, आणि गोपीनाथराव बोलायचे थांबले.

वास.

तुम्हा-आम्हाला आला नसता. मधुरिमाला आला नाही. दोन दिवस होऊन गेले होते. पण हा माणूस एकतीस वर्षं त्या वासाबरोबर जेवलाय. निळी बाटली. ते फळाच्या जवळ वाकले, परत वास घेतला, आणि त्यांना बाटली कळली, झाकणं कळली, पाणी किती घातलं तेही कळलं. बरोब्बर प्रमाण. नोझल खालून वर धरलेला. असा पंप धरणारा या शिवारात एकच माणूस होता, आणि त्याला धरायला त्यांनीच शिकवलं होतं.

आता सांगा, रागवायचं कुणावर?

तेवढ्यात तोच माणूस बांधावरून आला, किटली घेऊन, हसत. मधुरिमाने फॉर्मप्रमाणे शेजाऱ्याला विचारायचं असतं, तिने विचारलं, "दादाजी, टोकेकर सर ने यहाँ कभी कोई दवाई डाली है?"

भेरूलालजींनी हात छातीवर ठेवला. "साब ने तीन साल में पंप को हाथ नी लगायो, बेटा. मानता पक्की हे साब की."

आणि यात एक अक्षर खोटं नव्हतं. मधुरिमाने टॅबवर टिक केली. म्हणाली, "झालंच सर, इथे सही करा. सॅम्पल काही लागणार नाही, तीन वर्षं तुमचं सगळं क्लीन आहे." टॅब त्यांच्या हातात. गोपीनाथरावांनी बोट पुढे केलं. ते मला सांगत होते, त्या क्षणी माझ्या मनात फक्त एवढंच होतं, की वास दोन दिवसांत उडून जाईल, आणि हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. भेरूलालजींना माहीत आहे, पण काय केलंय हे त्यांना माहीत नाही. अर्धी सही झाली. गोपीनाथ झालं, टोकेकर राहिलं.

आणि मधुरिमाने, सहज हो, पोर सकाळपासून उपाशी आली होती, एक पिकलेलं फळ तोडलं. अंगठ्याने साल सोललं. आतला गर लाल. म्हणाली, "सर, हे तर तुमचं स्वप्न होतं ना, पहिल्या व्हिजिटला सांगितलं होतंत, तोडा आणि इथेच खा," आणि तोंडाशी नेलं.

"खाऊ नका."

गोपीनाथराव आयुष्यात इतक्या हळू आवाजात कधी बोलले नसतील. त्यांनी तिच्या हातातून ते फळ काढून घेतलं. "खाऊ नका मॅडम. हात धुवा आधी. साबणाने."

"धुऊन खाऊ का मग?"

"धुऊनसुद्धा नका खाऊ. हे औषध साली­वर थांबत नाही, आत जातं. दहा दिवस थांबावं लागतं." आणि मग लेबलावरची पुढची दोन वाक्यंही त्यांच्या तोंडून निघाली, सवयीने, लहान मुलांपासून दूर ठेवा वगैरे.

शोभनाताईंनी विचारलं, "काय झालं? मला नीट दिसत नाहीये."

"काही नाही," ते म्हणाले. "मुंग्या मेल्यात."

मधुरिमाने टॅब परत घेतला. नियम असा, की ज्या दिवशी फवारलं त्या दिवसापासून तीन वर्षं परत मोजायची. पहिल्यापासून. पोरगी म्हणाली, "सर, तुम्ही बोलला नसतात तर मला कळलंच नसतं हो." म्हणजे तीही तक्रारच करत होती एका अर्थी. चूक तिची आहे का? तिने खायला नको होतं? भूक लागली होती तिला.

भेरूलालजी या चेहऱ्यावरून त्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांना एवढंच कळलं की आपल्या हातून फवारताना काहीतरी चुकलंय. "साब, म्हने गलत दवई छांटी कई?"

"नहीं," गोपीनाथराव म्हणाले. "एकदम सही दवाई थी. डोस भी सही था."

"तमने सिखायो वेसो ई करयो. मानता तो तमारी थी साब, म्हारी थोड़ी थी. तम नी छांटो, म्हने छांटी." उपास साहेबांचा आहे, मग शेजारी जेवला तर उपास कसा मोडेल? आहे काही उत्तर? त्यांनी स्वतःची बाटली वापरली होती. स्वतःच्या सोयाबीनसाठी आणलेली. पूर्ण एक दिवस पंप पाठीवर घेऊन चारशे खांब, साठी उलटलेला माणूस, आणि किटलीत चहा गरम. शोभनाताईंनी गोपीनाथरावांच्या हातातलं ते सोललेलं फळ घेतलं आणि नीट पानात गुंडाळून बाजूला ठेवलं, कुणी चुकून खाऊ नये म्हणून. मग भेरूलालजींना म्हणाल्या, "चाय दीजिए भेरूलालजी, ठंडा हो जाएगा." आणि चौघं खांबांच्या सावलीत बसून चहा प्यायले. चहा गोड होता, असं शोभनाताई सांगतात.

शेवटी भेरूलालजी मधुरिमाला म्हणाले, "बेटा, कागज पे म्हारो नाम लिख ले. पाप म्हारो हे." मधुरिमाने खरंच टॅब खालवर करून बघितला. तसा रकाना नव्हता.

दहा दिवस थांबून फळं काढली, तोवर निम्मी फुटली. उरलेली मंडीत गेली. गोपीनाथरावांनी व्यापाऱ्याला प्रामाणिकपणे सांगितलं, की हे जैविक नाही, दवाई मारलेली आहे. व्यापाऱ्याने डोकंसुद्धा वर केलं नाही. "अरे भिया, अपने यहाँ सब ऑर्गेनिक ही आता है, बोर्ड देख लो." आणि त्या बोर्डाखाली क्रेट लावून टाकले.

आता तुम्हाला वाटेल संपलं. अजून आहे. त्यानंतर भेरूलालजी दिसेनात. चहा नाही, फोन नाही, ठिबकचा कॉक बंद. आठवड्याने गोपीनाथराव स्वतः त्यांच्या शेतात गेले, तर सोयाबीनची पानं जाळीसारखी झालेली, प्रत्येक फांदीवर इल्ली, आणि भेरूलालजी बांधावर हात जोडल्यासारखे बसलेले. पंप गोठ्यात टांगलेला. "तमारी मानता म्हारे हाथ से टूटी साब. अबे मानता हूं राखूंगा. तीन साल." आता नवस ते पाळणार.

आणि मग, तुम्हाला सांगतो, गोपीनाथराव टोकेकर, जैविक शेतकरी, त्या बांधावर उभे राहून एकतीस वर्षांचं सगळं कसब पणाला लावून दवाई विकायला लागले. "भेरूलालजी, इल्ली दिख रही है मतलब देर हो गई है. आज शाम को पंप उठाइए. मैं लाकर देता हूँ. मैं खुद पानी भर देता हूँ." हात धरला, विनवलं, चिडले, परत विनवलं. लिंबाखाली पन्नास माणसं ज्या आवाजाने उठायची, त्या आवाजाने हा एक माणूस हलला नाही. "नी साब. तमारा तीन साल गया म्हारे वास्ते." दहा दिवसांत सोयाबीनच्या नुसत्या काड्या उरल्या. आता रागवायचं कुणावर? हा शेजारी तरी गोपीनाथरावांवर रागवला असता तर बरं झालं असतं. तोही रागवला नाही.

गेल्या रविवारी नवीन रजिस्ट्रेशनचा फॉर्म आला. बारा पानांचा. गोपीनाथराव चौसष्टचे, कागद मिळेल तेव्हा सदुसष्ट, आणि ते मिळेलच असं ते स्वतःही म्हणत नाहीत. शोभनाताईंनी सरळ विचारलं, "भरायचाच आहे का?" ते म्हणाले, "न भरून काय करू? तो तिकडे पंप टांगून बसलाय माझ्यापायी." मग शोभनाताई नव्या डोळ्याने वाचत गेल्या आणि ते सांगत गेले, सर्व्हे नंबर, खांब किती, पाण्याचा सोर्स कुठला. शेवटच्या पानावर प्रश्न होता, शेतातली मुख्य अडचण थोडक्यात लिहा. रकाना लहान, एका ओळीचा. त्यांनी पेन स्वतःकडे घेतलं, लिहिलं आणि फॉर्म पाकिटात घालायला बायकोकडे दिला. तिने वाचलं, काही खोडलं नाही, पाकीट चिकटवलं. भिंतीतून ऐकू आलं नाही, म्हणून मी दुसऱ्या दिवशी विचारलं, काय लिहिलंत हो.

म्हणाले, "शेजारी फार चांगला आहे."